‘का गेला?’ हे कशासाठी विचारायचं?



गटाची मासिक बैठक संपली, बचत जमा झाली, हप्ते वहीत मांडून झाले, की आपण चहा घेत थोडं बोलत बसतो. मागच्या बैठकीत असंच बोलणं निघालं. आमच्या सातारा-सांगलीकडं फौजेत मुलगा असणं नवलाचं नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला तर सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’ असंच म्हणतात. आमच्या गटातल्या एका मावशींचा मुलगाही फौजेत आहे. त्या म्हणाल्या, “लढाईत पोरगं गेलं तर तिरंग्यात येतं. सगळा तालुका लोटतो. पण एखाद्यानं स्वतःच जीव दिला, तर त्याच्या आईच्या दारात कोण जातं गं?”

कुणीच काही बोललं नाही. आम्ही आपापल्या घरी गेलो, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

म्हणून आम्ही समन्वयक मैत्रिणींनी मिळून याबद्दल वाचलं. सैन्यातल्या अशा मृत्यूंचा विचार आजवर कुणी केला, कसा केला, आणि त्यातून पुढचे जीव वाचले का, हे आज सांगणार आहोत. यातली बरीचशी गोष्ट अमेरिकेची आहे, कारण तिथलं संरक्षण खातं या मृत्यूंचा अहवाल दरवर्षी लोकांपुढं ठेवतं. विषय जड आहे. ऐकताना जीव घाबरा झाला तर मध्येच थांबा, घरातल्या कुणाजवळ तरी जाऊन बसा. शेवटी एक फोन नंबर सांगणार आहोत, तो तेवढा लिहून घ्या.

आकडे मोजणारा माणूस

सुरुवात सव्वाशे वर्षांपूर्वीची. फ्रान्समध्ये एमिल दुर्खिम नावाचे समाजशास्त्राचे अभ्यासक होते. १८९७ साली त्यांचं आत्महत्येवरचं पुस्तक निघालं. त्यात त्यांनी युरोपातल्या निरनिराळ्या देशांच्या सरकारी नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. सैनिकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतर माणसांपेक्षा जास्त दिसत होतं. तेव्हा लोक म्हणायचे, नवीन पोरांना घरची आठवण येते, शिस्त सोसत नाही, म्हणून असं होतं. तसं असतं तर पहिल्या वर्षी धोका जास्त असता आणि मग तो कमी होत गेला असता. नोंदी उलट सांगत होत्या. नोकरी जितकी जुनी, तितकं प्रमाण जास्त. दुर्खिम यांचं म्हणणं असं की, सैन्यात माणसाला स्वतःच्या जिवाची किंमत कमी धरायला शिकवतात, आणि तीच शिकवण कधी कधी त्याच्यावर उलटते.

त्यांचं सगळंच म्हणणं आज कुणी जसंच्या तसं मानत नाही. पण लोक सहज जे कारण बोलून जातात ते नोंदीशी ताडून बघावं लागतं, हे त्यांनी दाखवून दिलं. “पोरगंच हळवं होतं” एवढं म्हणून विषय संपत नाही. मात्र दुर्खिम आकड्यांपाशी थांबले. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत ते गेले नाहीत.

दोन विधवांना लिहायची पत्रं

ते काम पन्नास वर्षांनी सुरू झालं, तेही योगायोगानं. दुसरं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती. १९४९ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात, माजी सैनिकांच्या दवाखान्यात एडविन श्नाइडमन नावाचे तरुण मानसशास्त्रज्ञ काम करत होते. दवाखान्याच्या प्रमुखांनी त्यांना सांगितलं, दोन माजी सैनिकांनी आत्महत्या केली आहे, त्यांच्या बायकांना सांत्वनाची पत्रं लिहा. पत्र लिहायचं तर त्या माणसाबद्दल काही माहीत हवं. म्हणून श्नाइडमन कॉरोनरच्या कचेरीत गेले. संशयास्पद मृत्यूंची तपासणी जिथं होते ती ही कचेरी. तिथल्या एका फायलीत त्यांना मरणाऱ्यानं लिहिलेली चिठ्ठी सापडली. मग दुसरी. शोधता शोधता सातशेच्या वर चिठ्ठ्या निघाल्या. मृत्यूचं कारण कागदावर चढलं, की चिठ्ठीचं काम संपायचं. पुढच्या माणसाला वाचवायला तिचा उपयोग होईल, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

श्नाइडमन यांनी नॉर्मन फार्बरो या सहकाऱ्याला बरोबर घेतलं. दोघांनी त्या चिठ्ठ्यांचा अभ्यास केला. १९५८ मध्ये रॉबर्ट लिटमन या डॉक्टरांना घेऊन त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये आत्महत्या रोखण्यासाठी केंद्र उघडलं. तिथले कॉरोनर थिओडोर कर्फी यांना एक अडचण होती. काही मृत्यूंच्या बाबतीत माणूस अपघातानं गेला की स्वतः होऊन, हे शरीराच्या तपासणीवरून ठरत नाही. त्यांनी या मंडळींची मदत घेतली. मग ही मंडळी गेलेल्याच्या माणसांशी सावकाश बोलायला लागली. बायको, आई, भाऊ, मित्र, कामावरचे सोबती. तो नीट जेवत होता का? झोप लागत होती का? शेवटी शेवटी काय बोलायचा? कुणाशी बिनसलं होतं? आवडीच्या वस्तू वाटून टाकल्या का? या पद्धतीला श्नाइडमन यांनी जे नाव दिलं, त्याचा आपल्या भाषेत अर्थ मनाचं पोस्टमार्टम.

या बोलण्यांतून दोन गोष्टी पुन्हा पुन्हा पुढं आल्या. पहिली, बहुतेकांनी जाण्याआधी काही ना काही खूण दिलेली असते. दुसरी, त्या माणसाचं मन अखेरपर्यंत दोन्हीकडं ओढत असतं. त्याला त्रास संपवायचा असतो आणि कुणी तरी आपल्याला वाचवावं असंही वाटत असतं. म्हणूनच मध्ये पडायला जागा राहते. श्नाइडमन यांनी आणखी एक गोष्ट धरून ठेवली. माणूस गेल्यावर मागं राहिलेल्यांची काळजी घेणं हेही पुढचा मृत्यू रोखायचंच काम आहे.

सयांनो, इथं एक लक्षात ठेवू. या सगळ्या विद्येची सुरुवात दोन विधवांना काय लिहावं या प्रश्नातून झाली. आणि तिचा मोठा आधार घरच्या माणसांनी, त्यातही बायकांनी, सांगितलेली माहिती हाच होता.

हवाई दलानं काय केलं

आता १९९६ सालाकडं येऊ. मे महिन्यात अमेरिकेचे नौदल प्रमुख ॲडमिरल जेरेमी बूर्डा यांनी आत्महत्या केली. साधा खलाशी म्हणून भरती होऊन ते सगळ्यात वरच्या पदाला पोचले होते. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याच्या मनात काय चाललंय हे कुणाला कळलं नाही, तर बराकीतल्या विशीच्या पोराचं कोण ओळखणार? त्या काळात हवाई दलातही आत्महत्या हे मृत्यूचं दुसऱ्या नंबरचं कारण झालं होतं. १९९४ साली दर एक लाख जवानांमागे १६.४ इतकं प्रमाण होतं. हवाई दल प्रमुख जनरल रोनाल्ड फोगलमन यांनी एक अभ्यासगट बसवला. त्यात नुसते डॉक्टर नव्हते. कायद्याची माणसं, धर्मगुरू, कुटुंबांसाठी काम करणारे, तपास अधिकारी, असे सगळे एका टेबलाभोवती बसले.

झालेल्या मृत्यूंकडं नीट बघितल्यावर चित्र दिसलं ते असं. लग्न किंवा प्रेम मोडलेलं, पैशाची ओढाताण, पोलीस-कोर्टाची भानगड, कामावर नाचक्की, दारू, एकटेपणा. एकाच माणसावर यातली दोन-तीन ओझी एकदम आलेली. आणि मदत मागायला गेलो तर नोकरीवर डाग लागेल, ही भीती. मग हे काम एकट्या मनोविकार डॉक्टरचं कसं असेल? ते सगळ्या दलाचं काम आहे, असं त्यांनी ठरवलं आणि अकरा गोष्टी सुरू केल्या.

त्यातल्या काही सांगतो. दलाच्या प्रमुखांनी स्वतः सगळ्या अधिकाऱ्यांना कळवलं की मदत मागणाऱ्या जवानाला कमी लेखायचं नाही. ओळखायचं कसं आणि सोबत कशी करायची, याचं प्रशिक्षण सगळ्यांना द्यायला सुरुवात झाली. गुन्ह्याच्या चौकशीत अडकलेला जवान समुपदेशकाकडं मनातलं बोलला, तर ते बोलणं त्याच्याविरुद्ध वापरलं जाणार नाही, अशी सोय केली. प्रत्येक आत्महत्येची माहिती एका जागी नोंदवायला सुरुवात झाली. आणि एक नियम तर आम्हाला फार मोलाचा वाटला. एखाद्या जवानाला चौकशीला बोलावलं, तुझ्यावर आरोप आहे असं सांगितलं, तर चौकशी झाल्यावर त्याला एकट्याला सोडायचं नाही. त्याच्या तुकडीच्या जबाबदार माणसाच्या हाती प्रत्यक्ष सोपवायचं. कारण मागचे मृत्यू तपासताना दिसलं होतं की सगळ्यांसमोर मान खाली गेल्यानंतरचे पहिले तास फार धोक्याचे असतात.

१९९८ पर्यंत ते १६.४ चं प्रमाण ९.४ वर आलं. पुढं केरी नॉक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० ते १९९६ आणि १९९७ ते २००२ या दोन काळांची तुलना करून २००३ साली अभ्यास छापला. आत्महत्येचा धोका ३३ टक्क्यांनी उतरलेला दिसला. आणि बायांनो, घरातल्या गंभीर मारहाणीचं प्रमाणही ५४ टक्क्यांनी उतरलं होतं. जवानाच्या मनाची काळजी घेतली, तेव्हा त्याच्या घरातली बाईही सुरक्षित झाली.

पण गोष्ट इथं संपत नाही. २००४ साली तिथं प्रमाण पुन्हा वाढलं. नंतर बघितलं तर त्या वर्षी कार्यक्रम नीट राबवलाच गेला नव्हता. कागदावर सगळं होतं, कामात ढिलाई आली होती. गट चालवणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावायला नको. बैठकीची वही भरलेली असते म्हणून बैठक झालेली असतेच असं नाही.

एका आईची दोन मुलं

याच सुमारास अमेरिकेच्या भूदलात मार्क ग्रॅहम नावाचे अधिकारी होते. त्यांच्या पत्नी कॅरल. त्यांचा मुलगा केविन सैन्यात अधिकारी व्हायचं शिक्षण घेत होता. तो नैराश्यानं आजारी होता, पण सैन्यात कळलं तर आपलं काही खरं नाही या भीतीनं त्यानं औषधं सोडली. २००३ च्या जूनमध्ये त्यानं आत्महत्या केली. आठ महिन्यांनी, २००४ च्या फेब्रुवारीत, त्यांचा दुसरा मुलगा जेफरी इराकमध्ये बाँबस्फोटात मारला गेला.

मुलं दोन्ही गेली. पण ग्रॅहम पती-पत्नींनी पुढं जाहीरपणे सांगितलं की जेफरीला सगळे वीर म्हणायचे, त्याचं नाव घ्यायचे. केविनचं नाव काढलं की लोक गप्प व्हायचे. आमच्या मावशींचा प्रश्न तो हाच. आईच्या पोटाला दोन्ही सारखीच होती. ग्रॅहम दांपत्यानं मग केविनच्या आजाराबद्दल गावोगाव उघड बोलायला सुरुवात केली.

इराक आणि अफगाणिस्तानची युद्धं चालू असताना भूदलातल्या आत्महत्या वाढत गेल्या. २००८ पासून चारही दलांसाठी एकच नोंदपत्रक सुरू झालं. प्रत्येक आत्महत्येनंतर जाणकार माणूस दवाखान्याचे, नोकरीचे, तपासाचे कागद बघतो, सोबत्यांशी बोलतो आणि ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं भरतो. त्या नोंदींनीही लोकांचा एक समज खोडून काढला. सगळ्यांना वाटत होतं, युद्धावरून आलेलेच खचतात. पण गेलेल्यांत कधीच युद्धावर न गेलेल्यांची संख्या मोठी होती. जवळच्या नात्यातली मोडतोड आणि नोकरीतली किंवा कोर्टाची कारवाई, या गोष्टी वारंवार दिसत होत्या.

भूदलाचे उपप्रमुख जनरल पीटर कियारेली दर महिन्याला निरनिराळ्या तळांवरच्या अधिकाऱ्यांना घेऊन बसायचे आणि एकेका मृत्यूबद्दल विचारायचे. काय घडलं, कुणाला काय माहीत होतं, कुठं हात पोचला असता. २०१० साली भूदलानं मोठा अहवाल काढला. युद्धाच्या धामधुमीत, तळावर परतलेल्या पोरांकडं लक्ष द्यायची आपल्या अधिकाऱ्यांची सवयच मोडली, असं त्यात त्यांनी स्वतःबद्दल लिहिलं. तरीही २०१२ साली तिथं लढाईत मेलेल्यांपेक्षा आत्महत्या केलेल्या जवानांचा आकडा मोठा झाला. आढावा घेतला की लगेच सगळं थांबतं, असं नाही.

आधी आणखी एक रीत होती. लढाईत मेलेल्याच्या घरी राष्ट्राध्यक्षांचं सांत्वनाचं पत्र जायचं, आत्महत्या केलेल्याच्या घरी जायचं नाही. इराकमध्ये गेलेल्या एका मुलाच्या आईवडिलांनी ही गोष्ट लावून धरली. २०११ च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ती रीत बदलली. युद्धभूमीवर आत्महत्या केलेल्या जवानांच्या घरीही पत्र जायला लागलं. पत्रानं मुलगा परत येत नाही. पण ‘तुमच्या मुलाची आम्हाला लाज वाटत नाही’ एवढं तर त्या आईला कळतं. आणि लाज गेली की घर बोलायला लागतं. घर बोलायला लागलं, तरच पुढच्यासाठी काही कळतं.

छोटे बदल, मोठा फरक

अशा आढाव्यातून निघालेला एक साधा बदल इस्रायलमधला आहे. तिथं तरुण मुलामुलींना सक्तीची लष्करी नोकरी असते. ती शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीला घरी जाताना सरकारी बंदूक बरोबर नेत. मृत्यू तपासल्यावर सुट्टीतले प्रसंग डोळ्यांत भरले. २००६ मध्ये नियम केला, सुट्टीवर जाताना बंदूक तळावरच ठेवायची. वर्षाला होणाऱ्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांत होती, इतर दिवसांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे सुट्टीत वाचलेल्या मुलांनी सुट्टी संपल्यावर दुसरी वाट शोधली, असं झालं नाही. ती अवघड वेळ टळली, की पुष्कळ माणसं जगतात.

दुसरी गोष्ट अगदी अलीकडची. अमेरिकेचं जॉर्ज वॉशिंग्टन नावाचं मोठं लढाऊ जहाज दुरुस्तीसाठी व्हर्जिनिया राज्यात उभं होतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यावरच्या तीन खलाशांनी एका आठवड्याच्या आत आत्महत्या केली. नौदलानं चौकशी केली. तिन्ही मृत्यूंचा एकमेकांशी थेट संबंध सापडला नाही. पण मग नौदलानं तिथल्या राहणीमानाचीही चौकशी केली. दुरुस्तीची ठोकाठोक चालू असताना पोरं जहाजावरच झोपत होती. नीट राहायला जागा नव्हती, गाडी लावायची सोय लांब होती. समुद्रावर जायला भरती झालेली पोरं महिनोन्‌महिने गोदीत साफसफाई करत होती.

२०२३ साली संरक्षण खात्याच्या स्वतंत्र समितीनं अहवाल दिला. त्यात समुपदेशक वाढवा हे होतंच, पण पगार वेळेवर द्या, झोपेचं वेळापत्रक सुधारा, असंही होतं. आणि त्यांनी हेही लिहिलं की यातल्या कित्येक सूचना आधीच्या लोकांनी केल्या होत्या, त्या अमलात आल्या नाहीत.

आपल्या दारात

आता आपल्याकडं वळू. आपल्या सैन्यातही अशा घटना होतात. संसदेत सरकारनं दिलेल्या उत्तरांत घरगुती अडचणी, नवरा-बायकोतले वाद, पैशाची चणचण, मनावरचा ताण ही कारणं येतात. संरक्षण संशोधन खात्याची मानसशास्त्र संस्था यावर अभ्यास करते. समुपदेशक नेमले जातात, रजा सोपी करायचे उपाय केले जातात. पण घरगुती अडचण म्हटल्यावर तिचं दुसरं टोक आपल्याच गावात असतं. बांधावरचं भांडण, भावकीची केस, आजारी बाप, सासू-सुनेतला ताण, हे सगळं फोनवरून सीमेवर पोचतं.

मावशींच्या प्रश्नानंतर आम्ही चौघीजणी शेजारच्या गावात गेलो. तिथल्या एका घरातला जवान काही वर्षांपूर्वी असा गेला. गाव त्या घराबद्दल बोलत नाही. त्याची आई आधी गप्प होती. मग म्हणाली, तो सुट्टीवर आला की पिशवी ठेवून आधी विहिरीवर पोहायला जायचा. शेवटच्या महिन्यात त्यानं तीनदा फोन करून बांधाच्या केसचं विचारलं होतं, झोप लागत नाही म्हणाला होता. त्यामुळंच तो गेला असं आम्ही म्हणणार नाही. असं एकाच कारणानं होत नसतं. पण तिनं आम्हाला सांगितलं, “हे मला आजपर्यंत कुणी विचारलंच नाही.” ती दीड तास बोलत होती.

आणि फौजेचं कशाला, आपल्या शेतकऱ्यांचं बघा. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की आपल्या राज्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं प्रकरण जातं. जमीन नावावर होती का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, हे बघून प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरतं. पात्र ठरलं तर वारसाला एक लाख रुपये. ती मदत हवीच, त्या घराला तिची गरज असते. पण तिथं ‘का गेला’ हे पैसे द्यायचे की नाही हे ठरवायला विचारतात. अपात्र शेरा पडला की प्रश्न संपला. अपात्र ठरलेल्या माणसालाही झोप लागत नव्हती, तोही कुणाला तरी काही बोलला होता. ते ऐकून घ्यायला त्या कागदावर रकाना नाही.

आमच्या वाचनातून आम्हाला समजलं ते एवढंच. ‘का गेला?’ हा प्रश्न दोष द्यायला विचारला, तर बायकोवर बोट जातं, आईवर जातं, आणि घर तोंड मिटतं. तोच प्रश्न पुढच्याला वाचवायला विचारला, तर तेच घर सगळ्यात जास्त सांगू शकतं. अमेरिकेच्या सैन्याला हे कळायला कित्येक वर्षं गेली. आपल्याला इतकी वर्षं घालवायची गरज नाही.

याची सुरुवात आम्ही स्वतःपासून केली. खरं सांगायचं तर वसुलीच्या दिवशी आम्हीही एखादीला सगळ्यांसमोर बोललो आहोत. हप्ता चुकला म्हणून ती मान खाली घालून एकटीच घरी गेली आहे, आणि आम्ही पुढच्या नावाकडं वळलो आहोत. हवाई दलाचा तो नियम वाचल्यावर आम्हाला याची लाज वाटली. म्हणून आमच्या गटांनी चार गोष्टी ठरवल्या.

एक, थकीत हप्त्याचं बोलणं सगळ्यांसमोर करायचं नाही. आणि नोटीस आली, कोर्टाचा कागद आला, घरात मोठं भांडण झालं, तर त्या दिवशी त्या बाईला किंवा तिच्या माणसाला एकटं ठेवायचं नाही. कुणी तरी सोबत जायचं.

दोन, फवारणीचं औषध घरात, माळ्यावर, खाटेखाली ठेवायचं नाही. कुलूपबंद पेटीत ठेवायचं आणि किल्ली दुसऱ्याकडं द्यायची. इस्रायलच्या बंदुकीची गोष्ट इथं तशीच लागू पडते.

तीन, वागणं बदललेलं दिसलं तर सरळ विचारायचं, “जीव नकोसा वाटतोय का?” विचारल्यानं असा विचार मनात घुसतो ही भीती खोटी आहे. उलट विचारलं की माणूस मोकळा होतो. उपदेश करायचा नाही, शपथा घालायच्या नाहीत, नुसतं ऐकायचं आणि लगेच डॉक्टरकडं न्यायचं.

चार, ज्या घरातलं कुणी असं गेलं, त्या घरी दहाव्या-तेराव्यानंतरही जायचं. हळदी-कुंकवाला, बैठकीला त्या बाईला बोलवायचं. तिनं सांगितलं तर ऐकायचं, आणि त्याचं नाव घ्यायचं.

आता तो नंबर. सरकारची टेलीमानस सेवा, १४४१६. दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा, फौजेतल्या मुलालाही पाठवा. आणि हेही माहीत असू द्या की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, असा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न धरता तो फार ताणात होता असं धरून चालायचं आहे. त्याला उपचार द्यायची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. म्हणून केसच्या भीतीनं दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

मावशींनी विचारलं होतं, त्या आईच्या दारात कोण जातं? पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा तिच्याकडं जाणार आहोत. या वेळी मावशीही येणार आहेत. तुमच्या गावात असं घर असेल, तर तुम्हीही जा.